शनिवारी न घ्यायचं नाव

फुंग काम-शिंगच्या मुलीचं नाव श्यू. हे नाव तिच्या जन्माच्या दाखल्यावर आहे, ती ज्या प्राथमिक शाळेत शिकवते तिथल्या हजेरीपटावर आहे, पासपोर्टवरही आहे. नव्हतं ते फक्त तिच्या बापाच्या तोंडात. अठ्ठावीस वर्षांत काम-शिंगने पोटच्या पोरीला एकदाही तिच्या नावाने हाक मारली नव्हती, आणि का म्हणून विचारलं तर विचारणाराच खुळा असल्यासारखा तो त्याच्याकडे बघायचा. श्यू म्हणजे निवांतपणा, सुख. अर्थ उत्तमच. पण हाँगकाँगात 'हरलो' म्हणायचं झालं तरी माणूस श्यूच म्हणतो. उच्चार तोच, सूरही तोच. रेस खेळणाऱ्या माणसाच्या घरात बायको दिवसातून वीस वेळा 'हरलो, जेवायला ये', 'हरलो, पाय धू' असं ओरडायला लागली, तर त्या घोड्यांनी तरी काय करावं?

नाव ठेवलं तेव्हा तो घरी असता तर ही भानगड झाली नसती. पण पोर जन्मली शनिवारी, आणि शनिवारी काम-शिंग कुठे असायचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायकोने, लाय-फाँगने, आपल्या मास्तर भावाला नाव सुचवायला सांगितलं. त्या शहाण्याने जन्मात घोड्याच्या शेपटीवर दमडी लावली नव्हती. तो छानसं अक्षर काढून नोंदणी करून मोकळा झाला. काम-शिंग मैदानावरून खिसे झटकून आला आणि पाळण्याजवळ उभा राहून म्हणाला, "मुलगी झाली, हरकत नाही. पण घरात हार जन्माला घातलीस?" त्याच संध्याकाळी त्याने पोरीला दुसरं नाव दिलं, येंग. येंग म्हणजे जिंकलो.

म्हणून ती शाळेत श्यू आणि घरात येंग. रेसच्या दिवशी, म्हणजे शनिवारी आणि बुधवारी, तिचं खरं नाव घरात कोणी उच्चारायचं नाही. पुस्तकाला शब्दही तोच, म्हणून तिचं दप्तर त्या दिवशी दाराबाहेर, चपलांशेजारी. बापाच्या खांद्यावर मागून हात ठेवायचा नाही, त्याने नशीब खाली सांडतं. ती अकरा वर्षांची असताना एका बुधवारी लाय-फाँगच्या तोंडून चुकून खरं नाव गेलं आणि काम-शिंगचा घोडा नाकभर अंतराने हरला. त्याने कोणावर हात उगारला नाही. तो तसा माणूसच नव्हता. तीन दिवस तो दोघींशी बोलला नाही, एवढंच. पोर मात्र ते तीन दिवस आपणच घोड्याचे पाय धरून ठेवले होते अशा चेहऱ्याने घरात वावरली.

उन्हाळ्यात रेस बंद असायची. जुलै-ऑगस्टात लाय-फाँग लेकीला खुशाल नावाने हाक मारायची, गरज नसताना मारायची, गच्चीवर कपडे वाळत घालताना उगाच चार वेळा मारायची. सप्टेंबर उजाडला की पुन्हा येंग.

सहा वर्षांपूर्वी लाय-फाँग गेली ती नोव्हेंबरात, बुधवारी. शेवटच्या दुपारी तिला माणसं ओळखू येईनात. ती नुसती लेकीचं नाव घेत होती. श्यू, श्यू, श्यू. लेक शाळेतून निघाली होती, जिना चढून दारापर्यंत पोचलीही होती. आणि खाटेजवळ बसलेला काम-शिंग, ज्याच्या खिशात त्या संध्याकाळचं तिकीट होतं, बायकोच्या कानाशी वाकून म्हणाला, "हळू गं. हळू." पोरीने ते दारातून ऐकलं. त्यावर बापलेकीत कधीच बोलणं झालं नाही.

यंदा मे महिन्यात श्यू कॅनडाला निघाली, कायमची. तो मास्तर मामा आधीच तिकडे जाऊन बसला होता. हाँगकाँग चीनच्या ताब्यात जायचं होतं म्हणून यंदा जो तो निघालाच होता, त्यांच्या काउलून सिटीत रोज एका घरी निरोपाचं जेवण असे. काम-शिंग ज्या दुकानात कामाला होता तिथली भाजलेली बदकं त्यामुळे दुप्पट खपत होती. तो दिवसभर सुरा चालवत लोकांच्या निरोपाची बदकं तोडायचा आणि आपल्या घरातल्या निरोपाचं नाव काढायचा नाही.

गुरुवारी सकाळी दोघं चहाला गेली. श्यूने त्याचा कप भरला, त्याने आभारादाखल दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. कोळंबीच्या वाफाळत्या करंज्या आल्या.

"आबा, शनिवारी विमान आहे. पाचचं."

"शनिवारीच?"

"तिकीट त्याच दिवसाचं मिळालं."

"जुलैत जा की. जुलैत विमानं उडत नाहीत?"

"शाळा जूनमध्ये मला रुजू करून घेणार आहे तिथे." तिने एक करंजी त्याच्या वाटीत ठेवली. "तुम्ही याल ना सोडायला?"

"येणार नाही तर काय! पंधरा मिनिटांची तर वाट आहे. विमानं आपल्या डोक्यावरून जातात."

"मग एक मागते." आवाज नेहमीचाच होता, पण चॉपस्टिक्स तिने खाली ठेवल्या. "आत जाताना मला एकदा माझ्या नावाने हाक मारा. आईने ठेवलेल्या. दुसरं काही नको. सोन्याची साखळीबिखळी काही आणू नका."

काम-शिंगने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर दोघं रेसचं पान पसरून बसले होते.

"येंग काय वाईट आहे? सगळं आयुष्य तर त्याच नावाने..."

"येंग तुमच्या घोड्यांचं नाव आहे आबा. माझं नाही."

असं ती कधी बोलली नव्हती. त्याने करंजी अख्खी तोंडात कोंबली. चहा पिऊन तो म्हणाला, "बरं. मारीन. त्यात काय एवढं?"

"खरंच?"

"एकदा म्हणालो ना मारीन म्हणून!"

ती हसली. हसली की ती थेट लाय-फाँगसारखी दिसायची. काम-शिंगला भरून आलं आणि त्याने त्याच क्षणी ठरवलं की या शनिवारी खेळायचं नाही. हे त्याने अगदी मनापासून ठरवलं होतं, हे इथे सांगून ठेवायला हवं. शुक्रवारी दुपारपर्यंत ते टिकलंही.

शुक्रवारी दुपारी त्याच्या मनात आलं की पोर परमुलखात चालली आहे, रिकाम्या हाताने कशी पाठवायची? सगळ्या बापांनी काही ना काही दिलं होतं. कोणी घराचे हप्ते, कोणी सोनं. आपण काय देणार, बदकाची तंगडी? एकदा हा विचार शिरला की पुढचं सगळं सोपं असतं. तो खेळणार होता ते स्वतःसाठी नव्हे, पोरीसाठी. चाळीस वर्षं खेळणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो कधीच स्वतःसाठी खेळलेला नसतो.

त्याने तिहेरी तिकीट काढलं. पाचवी, सहावी आणि सातवी रेस, तिन्हींत आपलाच घोडा पहिला आला तर पैसे, एकात जरी चुकला तर कागद फाडून टाकायचा. असं तिकीट त्याने हजारदा फाडलं होतं. पाचवीत 'हिरवी मशाल', सहावीत 'मोठा भाऊ', सातवीत 'लाल छत्री'. लाल छत्रीवर तर बदकांच्या दुकानाचा मालकही हसला. "काम-शिंग, तो घोडा नाही, वासरू आहे."

शनिवारी तीन वाजता तो नवा सदरा घालून खोलीत उभा होता. श्यू मैत्रिणींबरोबर सामान घेऊन पुढे गेली होती. रेडिओ ऐकून लगेच निघायचं होतं, कारण हिरवी मशाल हरणारच आणि मग कटकट मिटणार. छपरावरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली, रेडिओ बुडाला. आवाज परत आला तेव्हा निवेदक हिरव्या मशालीचं नाव घेत घसा फोडत होता.

पहिला.

काम-शिंग खाटेवर बसला आणि पुन्हा उठला. जे कधी खेळले नाहीत त्यांना हे सांगून कळणार नाही. पोटातून काहीतरी गरम वर चढतं, गुडघे पंचवीस वर्षांचे होतात, आणि सगळं जग आपलं नातेवाईक वाटायला लागतं. त्याने छोटा रेडिओ खिशात टाकला, कानात इअरफोनचं बोंड घातलं, वर टोपी ओढली आणि रस्त्याने शीळ घालत निघाला. कोपऱ्यावरच्या फळवालीशी तीन वर्षं भांडण होतं, तिलाही त्याने हात केला.

विमानतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी घराणी फोटो काढत उभी होती, म्हाताऱ्या रडत होत्या. श्यू रांगेत सापडली. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला.

"आलात!"

"येणारच की," तो म्हणाला, आणि तेवढ्यात सहावी सुटली. श्यू मामाचा पत्ता, दर रविवारी फोन, रक्तदाबाच्या गोळ्या असं काहीबाही सांगत होती. तो मान हलवत होता. मोठा भाऊ पाचवा होता, चौथा होता, वळणावर तिसरा होता.

"आबा, गोळ्या जेवणानंतर. आधी नाही."

"हो, हो, आधी... हां!" तो एकदम ओरडला.

मोठा भाऊ पहिला.

त्याने पोरीचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. त्याचे डोळे भरून आले होते. श्यूलाही भरून आलं, कारण तिला वाटलं हे आपल्यासाठी आहे. मग टोपीखालून आलेली आणि कॉलरमध्ये शिरलेली काळी तार तिला दिसली. तिने हात सोडवून घेतले नाहीत. ती फक्त त्या तारेकडे बघत राहिली.

"किती राहिल्यात?" तिने विचारलं.

"एकच." त्याने मान खाली घातली. "पोरी, ही जर लागली ना, तर माझा दोन वर्षांचा पगार. सगळा तुझा. देवाशपथ तुझा. मी एक डॉलर ठेवणार नाही."

"मला नको आहेत पैसे."

"असं म्हणू नये. परमुलखात लागतात."

"कितीला सुटेल?"

"चारला. चारच मिनिटं उरली."

"थांबते मी," श्यू म्हणाली.

जुगाऱ्याची मुलगी होती ती. जित्या तिकिटासमोर बापाकडून ते नाव निघणार नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मैत्रिणींना मिठ्या मारून झाल्या, त्या रडत रडत बाजूला झाल्या. बापलेक प्रवाशांच्या आत जायच्या दाराशी उभी राहिली, दोघंही भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे बघत. चार वाजले. चार वाजून पाच झाले. निवेदक म्हणाला, एक घोडा फाटकात शिरायला तयार नाही. काम-शिंगने त्या घोड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, अर्थात मनात.

चार वाजून बारा मिनिटांनी दारावरची गणवेशातली बाई म्हणाली, "व्हँकूवरचे सगळे आत गेले. ताई, तुमचंच राहिलंय. चला लवकर."

"दोन मिनिटं," काम-शिंग म्हणाला.

"काका, आत अजून दोन रांगा आहेत. विमान थांबत नसतं."

श्यू त्याच्यासमोर आली. तिने हात उचलला. त्याच्या खांद्याजवळ येऊन तो थांबला, तिचं तिलाच आठवलं, आणि मग तिने नुसतीच त्याच्या बाहीची सुरकुती सरळ केली.

"आबा," ती म्हणाली, "मी निघाले."

त्याने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं. एकच तर अक्षर, जांभई देण्याइतकाही वेळ लागत नाही. कानात निवेदक म्हणाला, घोडा शिरला, सगळे तयार. काम-शिंगच्या खिशात तिकीट होतं, हिरवी मशाल आली होती, मोठा भाऊ आला होता, आणि आत्ता या क्षणाला 'हरलो' म्हणायचं? पोरीच्याच पैशांवर? दोन मिनिटांनी म्हणतो की. हाका मारत मारत तिच्यामागे धावतो, काचेपलीकडे ऐकू जाईल, त्यात काय एवढं.

"येंग," तो म्हणाला, "सुखरूप जा."

श्यूने एकदाच मान हलवली. वर्गात पोराचं उत्तर चुकलं आणि ते चुकणार हे मास्तरणीला आधीच माहीत असलं, की ती हलवते तशी.

"कितव्या नंबरचा आहे?" तिने विचारलं.

"तीन."

"येऊ दे पहिला," ती म्हणाली. हे तिने मनापासून म्हटलं की कसं, हे काम-शिंगला पुढे कधीच ठरवता आलं नाही. ती वळली आणि आत गेली. तिच्या पाठीवरची पिशवी पुस्तकांनी टम्म फुगली होती. दुधी काचेचा आडोसा होता, त्याच्यामागे ती दिसेनाशी झाली.

आणि घोडे सुटले.

लाल छत्री शेवटची होती. मग शेवटून तिसरी. काम-शिंगने दोन्ही हातांनी दाराजवळचा लोखंडी कठडा धरला. वळणावर पुढच्या दोघा घोड्यांची टक्कर होता होता वाचली, मध्ये फट पडली, आणि ते वासरू, मालक ज्याला हसला होता ते वासरू, त्या फटीतून बाहेर आलं. निवेदकाचा आवाज चिरकला. शेवटचे शंभर यार्ड काम-शिंगने श्वास घेतला नाही.

पहिली. लाल छत्री पहिली.

आयुष्यात एकदाच यावं असं तिकीट आलं होतं. चाळीस वर्षं ज्या क्षणासाठी त्याने शनिवार आणि बुधवार वाहिले होते तो क्षण समोर उभा होता. सवयीने तो हे सांगायला बाजूला वळला, आणि बाजूला कोणी नव्हतं. तो गरम उमाळा पोटातून वर आला आणि छातीशी येऊन गार झाला.

"श्यू!" काम-शिंग ओरडला.

अठ्ठावीस वर्षं दाबून ठेवलेला शब्द सुटला तो असा सुटला की अर्धा विमानतळ वळून बघायला लागला. तो दाराकडे धावला. गणवेशातल्या बाईने हात आडवा केला. "काका, तिकिटाशिवाय आत नाही."

"माझी मुलगी आहे! श्यू! अगं श्यू!"

"त्या कधीच पुढे गेल्या, काका."

"श्यू!" तो काचेच्या दिशेने ओरडतच राहिला. "श्यू! श्यू!" काचेवर सावल्या हलत होत्या. एकही सावली थांबली नाही.

मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. साठीचा, टक्कल पडलेला, चांगल्या कोटातला गृहस्थ होता. मुलाला आणि नातवंडांना सोडायला आला होता, डोळे अजून ओले होते. आणि त्याच्याही कानात काळी तार होती.

"जाऊ द्या हो," गृहस्थ मायेने म्हणाला. "इतकं लावून घेऊ नये. सातवीत सगळेच बुडाले. ती लाल छत्री कोणाच्या स्वप्नात तरी होती का? किती हरलात?"

काम-शिंगने खिशातलं तिकीट काढून पुढे केलं. घामाने ते मऊ झालं होतं. गृहस्थाने चष्मा वर करून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्याचा जबडा खाली आला.

"अहो, ही तर आलीय! तिन्ही आल्यात! बापरे!" त्याने तिकीट देवाच्या प्रसादासारखं दोन्ही हातांनी परत दिलं. "मग माणसा, हरलो हरलो काय ओरडतोस?"

"हरलो नाही," काम-शिंग म्हणाला. "नाव आहे ते. माझ्या मुलीचं. ती आत्ता आत गेली. मी तिला हाक मारतोय."

गृहस्थाने दाराकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं, बाईसुद्धा खुर्ची सरकवून बसली होती. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. मुलाला आणि नातवंडांना नुकताच निरोप दिलेला माणूस, त्याला ते कळलं असणारच.  मग त्याने कोटाच्या आतल्या खिशाला वरून हात लावून पाहिला आणि जवळ सरकला.

"मारा, मारा हाक," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पण अहो, जरा हळू. आठवी बाकी आहे अजून."

काम-शिंगने त्या काचेकडे तोंड करून पुन्हा लेकीचं नाव घेतलं, आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला.